डोंग्याचं न खरवडलेलं बूड

नोकरीत मी शेकडो पंचनामे लिहिले आणि त्यातले बहुतेक कागदांसोबतच विसरलो. एका पालथ्या डोंग्याचा पंचनामा मात्र आजही शब्दन् शब्द आठवतो.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात धरणाकाठच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात, एकमेकांच्या लग्नाला जातात. स्वतःबद्दल एवढंच सांगतो, की समुद्रपूर तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर. रोज एसटीने वर्ध्याला जाऊन-येऊन बी.एस्सी. झालो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण आमच्या घरातले सगळे न शिकलेले असूनही बरंच काही माझ्यापेक्षा चांगलं जाणत. म्हणून अंगठा लावणारा माणूस काही सांगू लागला, की मी त्याला मध्येच तोडत नसे. या डोंग्याच्या तपासात तीच सवय उपयोगी पडली.

मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपून मी खोलीत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला म्हणून उठलो. पन्नाशीची एक बाई पदर खोचून उभी होती आणि आमचे जुने हवालदार तिला समजावत होते.

"मावशी, रात्री वारा सुटला होता. गेला असंन वाहत."

"पालथा डोंगा वाहत जाते काय भाऊ? काठावर होता, पाण्यात नाई. तुमची मोटरसायकल जाते काय वाहत?"

मी बाईला आत बोलावलं.

धरणात मासे धरणाऱ्यांचा डोंगा म्हणजे फळ्यांची, सपाट बुडाची लहान नाव. ती वल्ह्याने चालते. वारा सोबतीला असला तर काठीला जुनं लुगडं बांधून शीड करतात. मे महिन्यात सगळे डोंगे काठावर ओढून पालथे घालतात, उन्हात वाळवतात, फटींत डांबरात भिजवलेलं सूत ठोकतात आणि बुडाला डांबराचा नवा हात देतात. या बाईचा डोंगा नेमका असाच वाळत पडलेला असताना गेला होता.

बाई विधवा. नवऱ्याच्या जागी ती मासेमार सोसायटीची सभासद होती. नियम असा, की मृग लागायच्या आधी अध्यक्ष काठावर येऊन प्रत्येकाचा तयार डोंगा पाहतात. ज्याचा डोंगा नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. बाईची मुलगी वर्ध्याला नर्सिंग शिकत होती. म्हणजे मृगापर्यंत डोंगा मिळाला नाही तर धरणही गेलं आणि पोरीचं शिक्षणही गेलं.

"तुमचा डोंगा कसा ओळखायचा?" मी विचारलं.

"बुडावरून."

"बुडं तर सगळ्यांचीच काळी."

"वरून काळी, साहेब. माहा मालक वारला त्या साली डांबर आणायले मी बजारात गेलीच नाई. घरात दाराचा लाल रंग उरला होता, तोच बुडाले देल्ला. मंग दरसाल डांबर. लालावर तीन काळे हात हायेत. यंदाचा द्यायचा राह्यला."

जबाब लिहून घेणारा आमचा रायटर हसला. "साहेब, हे पण लिहू? आतला रंग कोणाले दिसते?"

"शब्द न बदलता लिही," मी म्हणालो. मुद्देमाल सापडल्यावर सांगितलेली खूण बचावाचा वकील पाच मिनिटांत उडवतो. सापडायच्या आधी लिहिलेली खूण त्याला गिळावीच लागते.

चार दिवस आम्ही काठ पालथा घातला. हाती काही लागलं नाही. पाचव्या दिवशी आठवडी बाजार होता. पलीकडच्या काठावर वांगी-टमाटे पिकवणारा एक शेतकरी हवालदारांच्या ओळखीचा होता. हवालदार पिशवीत वांगी भरत असताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, डोंग्याच्या बुडाले निळा रंग कोण देते बे?"

"कोणीच नाई. काऊन?"

"आमच्या काठावर एक जण देऊन राह्यला. ऑइल पेंट. मी म्हटलं, याच्या घरी लगन-गिगन हाय का काय."

तासाभरात आम्ही पलीकडे होतो. बाभळीच्या आडोशाला निळाशार डोंगा पालथा पडला होता. दुरून पाहायला छान. जवळ गेल्यावर निळ्यावर जागोजागी चॉकलेटी डाग फुटलेले दिसले. रसायनशास्त्र शिकलो होतो, पण ते डाग कशाचे हे मला सोबत आणलेल्या म्हाताऱ्या सुताराने सांगितलं. "डांबरावर ऑइल पेंट बसत नाई साहेब. खालचं डांबर वर येते."

डोंग्याचा ताबा असलेला माणूस चाळिशीचा, तोही मासेमारच, पलीकडच्या गावचा. त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला. मी आरोपीवर हात टाकणाऱ्यांतला नव्हतो. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो आणि हवं ते खरं असतंच असं नाही.

"डोंगा कोणाचा?"

"माहाच, साहेब. दोन वर्षं झाले बनवून."

"बनवला कोणी?"

"भंडाऱ्याकडचा मिस्त्री होता. वारला तो."

माझा अनुभव असा, की खोट्या माणसाचा साक्षीदार एक तर वारलेला असतो, नाहीतर सुरतेला गेलेला असतो.

"डांबर किती वेळा दिलं?"

"दोन साल, दोन हात. वरून यंदा निळा."

"निळा काऊन?"

"शौक, साहेब."

मी रायटरकडे पाहिलं. "दोन हात. नीट लिही." त्याने या वेळी न हसता लिहिलं.

पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे प्रत्येक ठाणेदाराला पाठ असतं. म्हणून मी त्याच्याकडून कबुली काढायच्या मागे लागलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेतले, दोघेही मासेमारीच्याच धंद्यातले. सुतार होता, फोटो काढणारा होता, बाईही आली होती आणि आरोपीही हजर होता. सुताराने डोंग्याच्या नाकाजवळ पटाशी तिरपी धरून एक हलका काप घेतला. कलिंगडाची फोड कापल्यावर साल, पांढरं आणि लाल दिसतं, तसे थर उघडे पडले. निळा. त्याखाली काळा, काळा, काळा. मग लाल. लालाखाली पुन्हा काळ्यांची रांग, पार लाकडापर्यंत.

सुतार बोटाने मोजत गेला आणि मोजता मोजता थांबला. "दोन वर्षांचा म्हणते काय हा? माह्या पोरीच्या लग्नापक्षा जुना हाय हा डोंगा!"

पंच हसले. बाई हसली नाही. ती फक्त त्या लाल रेघेकडे पाहत होती.

आरोपीने खाली बसकण मारून सगळं सांगून टाकलं. त्याचा स्वतःचा डोंगा कुजून गेला होता, मृगाचा नियम त्यालाही होता आणि सोसायटीतली त्याचीही जागा जाणार होती. पहाटे दोघा सोबत्यांना घेऊन त्याने हा डोंगा पाण्यात लोटला, शीड लावलं आणि पलीकडे नेला. ही कबुली कागदावर येणार नव्हती. तरी मला एक गोष्ट उलगडत नव्हती.

"मला एक सांग. भाड्याने ग्राइंडर आणून बूड लाकडापर्यंत खरवडलं असतंस, तर मला काहीच सापडलं नसतं. काऊन नाही खरवडलं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही गुन्हा केला आहे.

"खरवडू? साहेब, डोंग्याले सोलत नाईत. बापाच्या हातावर पोराचा हात, असंच चढवत जातेत. चोरला म्हणून काय त्याची कातडी काढू?"

दोन्ही पंचांनी माना डोलावल्या. आणि बाई इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली, "हे तेवढं बराबर केलं त्यानं."

या धंद्याबाहेरच्या चोराने दोन तासांत ते बूड साफ केलं असतं. हा त्याच काठचा माणूस होता. त्याला चोरी जमली, सोलणं जमलं नाही, आणि तिथेच तो सापडला. पुढे नव्या फौजदारांना मी नेहमी सांगत आलो: आरोपीने काय केलं ते तर शोधाच, पण त्याच्या हाताला काय होणार नाही तेही जाणून घ्या. त्यासाठी त्याच्या लोकांत बसावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं. ठाण्यात बसून ते कळत नाही.

गुन्हा उघड झाला, पण माझं काम संपलं नव्हतं. डोंगा आता मुद्देमाल होता. ट्रॅक्टरवर घालून तो ठाण्याच्या आवारात आणला, तेव्हा येणारा-जाणारा विचारायचा, "साहेब, ठाण्यात पूर येनार हाय काय?" बाईने कोर्टात अर्ज केला. मी त्याच दिवशी ना-हरकत अहवाल पाठवला. डोंगा सुपुर्दनाम्यावर परत देण्याचा हुकूम झाला, पण नेहमीची अट होतीच: मुद्देमालाच्या स्वरूपात बदल करायचा नाही. म्हणजे डोंगा मिळाला, पण डांबर द्यायचं नाही! आणि डांबराशिवाय तो पाण्यात टिकला नसता. मृगाला तीन दिवस उरले होते. मी स्वतः सरकारी वकिलांकडे गेलो, फोटो दाखवले, पंचांच्या सह्यांनिशी सीलबंद केलेली, सुताराने कापून काढलेली थरांची चकती दाखवली. कोर्टाने विचारलं, पुराव्याला एवढं पुरेल ना? मी म्हणालो, पुरेल. डांबर द्यायची परवानगी मिळाली.

अध्यक्षांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी मी काठावर गेलो. तीन दगडांच्या चुलीवर डांबर उकळत होतं. बाई लाकडी कुंचा घेऊन निळ्यावर सरळ काळा हात ओढत होती.

मी म्हणालो, "बाई, तो निळा तरी आधी खरवडून टाकायचा. चोराचा रंग कशाला ठेवता?"

तिने हात थांबवला नाही.

"राहू द्या, साहेब. डोंग्यानं माह्या मालकाचा हात ठेवला, माह्या रडण्याच्या सालाचा लालही ठेवला. त्याच्यावर हा निळा बी एक. आता वरून माहा."