भोंग्याचा दम

भोंग्याने आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. खालून रस्त्यावरूनच "पंडित!" अशी हाक यायची, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. जिना चढताना त्याचं बोलणं चालूच. खालच्या पायरीवर सुरू केलेलं वाक्य तो वर येऊन चपला काढताना संपवायचा. मधे श्वास कुठे घ्यायचा, देव जाणे.

नाव त्याचं मधुकर. भोंगा हे नाव दिल्लीजवळच्या फरीदाबादच्या कारखान्यात पडलं. आम्ही दोघं लेथवर होतो. मशिनं चालू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि याची हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकाला जायची. कारखान्याचा भोंगा बिघडला तर मधुकरला उभा करा, असं सगळे म्हणायचे. हिंदीवाल्यांनीही तेच उचललं, 'भोंगाजी'. मला तो पंडित म्हणायचा, कारण मी चौथीत शाळा सोडलेली. दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं. त्याचं घेतलं.

'दम खा' हे त्याचं ठेवणीतलं बोलणं. नवा माणूस घाईने मशीन सुरू करायला गेला, दम खा. वहिनी दूध उतू जाईल म्हणून धावल्या, दम खा. एकदा सुपरवायझरने मला चारचौघांत अडाणी म्हटलं. माझ्या हातात पाना होता. मी पुढे सरकलो आणि पलीकडून भोंगा वाजला, "पंडित, दम खा!" सगळी शेड वळून बघायला लागली, सुपरवायझरसुद्धा. पाना मी खाली ठेवला. नोकरी राहिली. चूक सुपरवायझरचीच होती, हे मी आजही सांगतो.

कोरोना त्याला दुसऱ्या लाटेत झाला. तेव्हा आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे. आमच्या सेक्टरात माणसं ऑक्सिजनच्या टाकीसाठी रडत फिरत होती. याचं मात्र तापावर, खोकल्यावर भागलं, घरातच उठून बसला. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा खालून हाक आली, "पंडित, हरवला त्याला!" मी गॅलरीत धावलो. म्हटलं, वर ये. तर म्हणाला, "तूच ये खाली." मला वाटलं, अजून लांब राहायचं म्हणून म्हणत असेल.

पण नंतरही तो वर आलाच नाही. पार्कात चालायला जायचो, तर निम्म्या वाटेत बुटाची नाडी बांधायला बाकावर बसायचा. रोज त्याच बाकापाशी नाडी सुटायची. एके दिवशी माझं लक्ष गेलं, त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर मीच आधी बसायला लागलो.

मग शब्द हरवायला लागले. कारखान्याच्या गोष्टी सांगता सांगता थांबायचा. "ते रे... आपण माप घेतो ते..." "व्हर्नियर?" मी म्हणायचो. "हां, तेच." जन्मभर ज्याच्या खिशात व्हर्नियर राहिला, त्याला त्याचं नाव आठवत नव्हतं. वहिनी मला दारापर्यंत सोडायला यायच्या आणि हळूच सांगायच्या, "भाऊजी, आंघोळ करून आले की पलंगावर पडून राहतात. टॉवेलसुद्धा तसाच. कोरोना तर गेला ना? मग हे काय आहे?"

शेवटी मीच त्याला ओढत बाजारातल्या एका डॉक्टरकडे नेलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. उभा जन्म आम्ही बाहेर हिंदी बोललो, पण दुखणं आलं की तोंडात घरचाच शब्द येतो. भोंगा म्हणाला, "डॉक्टरसाहब, सीढ़ी चढ़ते ही दम लगता है."

डॉक्टरने मान वर केली. "कब से लगा रहे हैं?"

"कोरोना के बाद से."

"उससे पहले?"

"कभी नहीं लगा. जवानी में भी नहीं."

"अच्छा! इस उम्र में शुरू किया? घर में पता है?"

"बीवी को पता है. उसको भी थोड़ा थोड़ा लगता है."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग हात जोडून म्हणाला, "अंकलजी, छोड़ दीजिए. बिल्कुल बंद. दोनों." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर आल्यावर भोंगा रागाने लाल. "सोडा म्हणतो! काय सोडू? श्वास सोडू?" मलाही काही कळेना. मी म्हटलं, डॉक्टर बहिरा दिसतो. त्यानंतर त्याने दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. वहिनींनी हात जोडले, मी शिव्या घातल्या. तो हिवाळा त्याने खिडक्या लावून, बसून झोपत काढला. आडवा झाला की खोकला यायचा. बाहेर धुरात समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. सकाळी धूर विरून समोर त्यांच्या घराचा पडदा सरकलेला दिसेपर्यंत मला चहा गोड लागत नसे.

पुढच्या भाद्रपदात आमच्या मंडळाचा गणपती बसला. आरतीनंतरचा 'गणपती बाप्पा' भोंग्याचाच असायचा. तो 'बाप्पा' इतका लांबवायचा की लहान मुलं सोबत श्वास धरायची आणि हरायची. त्या वर्षी त्याने हात वर केला, "गणपती बा..." आणि आवाज तिथेच तुटला. खोकला थांबेना. मग सगळ्यांनी एकदम "मोरया!" केलं, नेहमीपेक्षा जास्त मोठ्याने. त्याला सांभाळून घ्यायचं म्हणून. त्याला ते कळलं. तो खांबाला धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

त्याची मुलगी सुनीता नाशिकहून आली होती. फरीदाबादेत वाढलेली, मराठीपेक्षा हिंदी पक्की. डॉक्टर काय म्हणाला होता, ते तिने विचारलं. मी जसाच्या तसा सांगितला. ती हसायलाच लागली. "काका, हिंदीत दम लगाना म्हणजे चिलीम ओढणं! डॉक्टरला वाटलं, आई-बाबा दोघं..." वहिनींनी पदर तोंडाला लावला. भोंगासुद्धा हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. सुनीताचं हसू जागच्या जागी विझलं. "म्हणजे तेव्हापासून औषधच नाही?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र लावलं. बसल्या जागी आकडा ठीक होता. मग त्याला व्हरांड्यात चालवलं, तसा आकडा उतरत गेला. छातीचा फोटो काढला. कोरोना गेला, पण फुफ्फुसांवर वण ठेवून गेला, असं त्या म्हणाल्या. थकवा, विसरणं हेही त्यातलंच असू शकतं, वयस्कर माणसांत हे रेंगाळतं. किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. दिल्लीचा आणखी एक हिवाळा मात्र यांना झेपणार नाही. आणि हो, थकून बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं.

"म्हणजे दम खायचा," मी म्हटलं. भोंगा माझ्यावर खेकसला, "तू मला शिकवू नको, पंडित." पण बसला.

मी इथेच मरणार, असं तो नेहमी म्हणायचा. दिवाळीच्या आधी सुनीता त्यांना घेऊन गेली. निजामुद्दीन स्टेशनवर जिन्यापाशी व्हीलचेअर आली. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो नाही म्हणणार. तो गुपचूप बसला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

आता सकाळी नाशिकहून त्याचा फोन येतो. यायला उशीर झाला तर मी गॅलरीत येरझाऱ्या घालतो, बायको रागावते. फोन उचलला की आधी शब्द येत नाही. नुसता श्वास येतो, किसणीवर काही घासल्यासारखा. तो मोठा आहे की लहान, कालपेक्षा बरा की वाईट, मी कान लावून ऐकतो. कालही तसंच झालं. "पं..." म्हणाला आणि थांबला.

"दम खा," मी म्हटलं. "मी आहे."

तो थांबला. मीही थांबलो. खाली भाजीवाला ओरडून गेला. मग पलीकडून आलं, बारीक, पण पुरतं आलं, "पंडित."