म्हातारा कासोटा सोडीना

बायांनो, आज माझी अक्कल संपली. आमच्या म्हाताऱ्याचं लघवीच्या गाठीचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाला, खाली काय आवळू नका, सैल नेसवा. पण हा धोतराचा कासोटा सोडीना.

चौकातल्या रेशन दुकानात कंट्रोलचं कापड आलेलं नाय. म्हणून माझं जुनं मऊ लुगडं फाडून त्याला गुंडाळायला दिलं.

"बायकोचं लुगडं नेसून ओटीवर बसू? त्यापेक्षा मेलेला बरा!"

"मग मर, पण कासोटा सोडून मर!"

दुपारी धोतर रक्तानं भिजलं. मी ते धुऊन वाळत घातलं. आणि शेजारी आले तर हा ताठ बसून हसतोय.

तुमच्यातल्या कुणाच्या नवऱ्यानं दुखण्यात लुगडं नेसलं असंल, तर त्याला आजच आमच्या ओटीवर पाठवा गं. नायतर हा नुसता लाजेपायी मरंल.