चिमण्यांच्या खानावळीवरचा पहारा

गल्लीत त्यांना हवालदार म्हणत. पोलिसात ते एक दिवसही नव्हते. सगळी नोकरी एका गोदामाच्या फाटकावर स्टूल टाकून बसण्यात गेली. पण नजर अशी, की भाजीवाला त्यांच्या दारासमोर आवाज खाली करायचा. निवृत्त झाले तरी फाटक काही डोक्यातून गेलं नाही. पोस्टमनला घाम फुटेस्तोवर विचारपूस, शेजाऱ्याच्या पाहुण्याची उलटतपासणी. बायको होती तोवर ती मधे पडून सावरून घ्यायची. ती गेली आणि माणसं हळूहळू यायचीच बंद झाली.

लेकीला नवी नोकरी लागली तेव्हा दोन पोरींना सांभाळायचं कोणी, असा प्रश्न आला. हवालदार म्हणाले, मी आहे की. लेक बापाला ओळखून होती. म्हणाली, आठवडाभर बघू; पोरी रमल्या तर ठीक, नाहीतर पाळणाघर आहेच. हवालदारांनी मान डोलावली. रिकाम्या घरात एखादं भांडं पडलं तरी हल्ली त्यांना दचकायला व्हायचं.

मोठी नात तोंडाची फटकळ, धाकटी तिचं शेपूट. सुरुवातीला दोघी पाहुण्यासारख्या भिंतीला टेकून बसल्या. मग मोठीने शाळेत पाहिलेलं एक काढलं: बाटलीतून पाखरांना दाणे घालायचे.

हवालदारांना काम मिळालं. तेलाची रिकामी बाटली साबणाच्या गरम पाण्यात घोळघोळ घोळली, वास जाईपर्यंत. आजीचे लाकडी चमचे फळीवर पडून होते. बाटलीला समोरासमोर भोकं पाडून ते आरपार घातले. चमच्याच्या खोलगट तोंडापाशी भोक जरा मोठं ठेवलं, म्हणजे दाणे आपसूक तिथे ओघळणार आणि पाखरू दांड्यावर बसून खाणार. सुरी हवालदारांच्या हाती, खुणा मोठीच्या, कण्या भरायचं काम धाकटीचं. निम्म्या फरशीवर गेल्या, थोड्या तिच्या तोंडात. बुडाला पाणी निथळायला बारीक भोक पाडलं, गळ्याला तार बांधली आणि बाटली गॅलरीत कपड्यांच्या दांडीला टांगली.

इथवर झकास. मग हवालदारांनी आतून स्टूल आणलं, काठी आणली आणि बाटलीखाली ठाण मांडलं.

कावळा आला, हाकलला. कबुतरं आली, हाकलली. खार दांडीवरून सरकत आली, तशी काठी आपटली. त्यांचा हिशेब सरळ होता: खानावळ चिमण्यांची, भलत्यासलत्यांना आत सोडलं तर चिमण्यांना काय उरणार? समोरच्या तारेवर चिमण्या जमल्या, आपापसात काहीबाही बोलल्या आणि निघून गेल्या. पुढचे दिवसही तसेच. कण्या होत्या तेवढ्याच. आठवडा सरत आला.

"आबा, तुमच्याकडे कुणीच येत नाही," धाकटी म्हणाली. तक्रार अशी नव्हती; दिसलं ते सांगितलं.

मोठीने तिला चिमटा काढला, पण लागायचं ते लागलं होतं. हवालदारांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"काय करायचं मग?" त्यांनी मोठीला विचारलं. असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"आत या. आणि तिकडे बघू नका. तुम्ही बघता तेव्हा मलासुद्धा भीती वाटते."

ते आत आले. पलंगाच्या आडोशाला, गॅलरीकडे पाठ करून फरशीवर आडवे झाले. गुडघे कुरकुरले. पोरी पलंगाच्या कडेवरून डोकी काढून बघू लागल्या आणि कोण आलं ते त्यांच्या कानात सांगू लागल्या. आधी कावळा. हवालदारांचा हात वळवळला. मोठीने तो धरून ठेवला. मग सांडलेलं टिपायला कबुतर. मग खार.

"आणि आता?"

"गप्प ना, आबा."

बऱ्याच वेळाने धाकटीचा श्वास त्यांच्या मानेपाशी थांबला, आणि त्यांना कळलं. चिमणी कशी दिसते ते तिने त्यांना चोचीपासून शेपटीपर्यंत सांगितलं, जशी काही त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी लेक न्यायला आली. बाप जमिनीवर आडवा पाहून ती धावलीच. मोठीने मागे न वळता हाताने तिला खाली बसायची खूण केली. लेकीने चपला काढल्या, ऑफिसच्या कपड्यांनिशी रांगत आली आणि बापाशेजारी आडवी झाली. पाळणाघरात ती येताना चौकशी करून आली होती. तो विषय काही तिने काढला नाही.

"बाबा," ती कुजबुजली, "सोमवारी पोरींना जरा लवकर आणून सोडलं तर चालेल?"

"सोड," हवालदार म्हणाले. "पण आत्ता मला उठायला सांगू नकोस."