ताईने निवडलेली अशक्त मोटर

माझ्या थोरल्या बहिणीचा सल्ला घेऊ नये, हे मला पाचव्या वर्षीच कळलं होतं. एकसष्टाव्या वर्षी विसरलो आणि भोगली त्याची फळं.

विमान मी बांधत होतो. दोन माणसांचं, हलकं, घराच्या गॅरेजमध्ये, नऊ वर्षं. पोटापाण्यासाठी मी कवळ्या करतो, म्हणजे दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि मी खोटे दात घडवून देतो. त्यामुळे तासणं, घासणं, केसभर फरकाने बसवणं मला नवं नाही. पंख झाले, शेपटी झाली, इंजिन बसलं. घोडं अडलं ते विजेपाशी. चारपेक्षा जास्त वायरी एकत्र दिसल्या की मला घाम फुटतो. आणि ताई छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेली, घरी बसून चांगले चालणारे रेडिओ उघडत होती. म्हटलं, ये बाई, मदत कर. बुद्धी फिरली होती माझी, दुसरं काय!

लिफ्टच्या कंपनीत तिला ‘थांबाबाई’ म्हणायचे. जरा शंका आली की ही लिफ्ट बंद करून दाराला पाटी अडकवायची. मग आठ मजल्यांची माणसं तिच्या नावाने खडे फोडत जिना चढली तरी ही ढिम्म. असं प्रकरण मी आपल्या हाताने घरात आणलं.

पहिल्या दिवशी तिने माझी बटणं पाहिली. अठरा बटणं, चकचकीत, दाबली की टक्क वाजणारी. मी हौसेने निवडून आणली होती. तिने एक उचललं, स्क्रूड्रायव्हर घातला आणि शिंपला उघडावा तसं उघडलं.

“ही घरातल्या दिव्यांची आहेत.”

“मग? बटण ते बटण.”

“बाळ्या, घरातली वीज सारखी शून्यावर येऊन जाते, म्हणून ठिणगी विझते. बॅटरीची वीज सलग. बंद करताना ठिणगी ताणली जाते, आतली टोकं वितळतात आणि चिकटतात. तू म्हणशील बंद केलं, आणि ते चालूच.”

एकसष्ट वर्षांच्या माणसाला बाळ्या! वर पिशवीतून एक जुनं, आतून काळं पडलेलं बटण काढून माझ्या हातात ठेवलं, पुरावा म्हणून. अठराच्या अठरा बटणं बाद.

मग सगळ्याचंच तसं झालं. इंधनाचा पंप घ्या, पंखावरचे दिवे घ्या, साधा फ्यूज घ्या, तिचा एकच प्रश्न. “आणि हे अडकलं तर?” अरे, अडकलं तर अडकलं! जगात माणसं विमानं उडवतात की नाही? एका फ्यूजवर तिने तीन आठवडे काथ्याकूट केला. माझे हात खरे चालत होते ते फक्त चहाच्या कपापर्यंत. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमच्याकडे पटलं, आणि तेच माझ्या मुळावर आलं. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “वन्सं म्हणतायत ते ऐका जरा!”

मला घाई होती आणि तिचं कारण मी कोणालाही सांगितलं नव्हतं. वीस तारखेला तपासनीस विमान बघायला येणार होता. विमान उडवायला लागणाऱ्या माझ्या वैद्यकीय दाखल्याची मुदत त्यानंतर तीन आठवड्यांनी संपत होती. आणि माझा उजवा खांदा वर्षभर दुखत होता. नव्या दाखल्यासाठी डॉक्टर हात वर करायला सांगणार, तो कानाच्या वर जाणार नाही, आणि संपलं. मला त्या तीन आठवड्यांत एकदा, फक्त एकदा, स्वतः बांधलेलं विमान स्वतः उडवायचं होतं. आणि ही बाई फ्यूज हुंगत बसलेली.

शेवटी उरली शेपटीची मोटर. विमानाच्या शेपटीला कडेवर एक छोटी पट्टी असते. ती थोडी वर-खाली केली की वाऱ्याचा जोर पट्टी घेते आणि हातातल्या दांडीवरचा भार उतरतो. पट्टी हलवायला बोटभर लांबीची मोटर लागते. मी यादीतली सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात वेगवान निवडली होती. का नाही निवडणार?

“ही नको,” ताई म्हणाली.

“आता हिला काय झालं?”

“फार जोर आहे हिच्यात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ताई, आजवर माल कमजोर आहे म्हणून नाकारलास. आता दणकट आहे म्हणून नाकारतेस? तुला विमान उडायलाच नकोय, असं सांग ना सरळ!”

ती स्टुलावर बसली. म्हणाली, “लिफ्टच्या दाराची मोटर मुद्दाम अशक्त ठेवतात. हाताने अडवली की थांबली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका इमारतीत दार सारखं अडकायचं, खोबणीत धूळ. लोकांच्या तक्रारी. मी खोबण साफ करत बसले नाही, मोठी मोटर लावली. दार काय सुरेख लागायला लागलं! सगळे खूश. आठ दिवसांनी सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्ट थांबवायला हात घातला. दार थांबलं नाही. हात दोन ठिकाणी मोडला. शिवणकाम करायच्या त्या.”

हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या काळात आई ही दर रविवारी कुठे जाते म्हणून विचारायची, आणि ही उत्तर द्यायची नाही. आता कळलं, त्या बाईंची धुणीभांडी करायला जायची.

“वस्तू चांगली चालेल का, हे कोणीही बघतं,” ती म्हणाली. “ती वेडी झाली तर आपल्याला आवरेल का, ते बघायचं. बटण चिकटलं आणि तुझी ही मोटर टोकापर्यंत पळाली, तर दांडी किती जोराने ओढेल?”

“धरेन की मी.”

“किती वेळ?”

“उतरेपर्यंत!”

“मग धरून दाखव.”

तिने आधीच हिशोब करून ठेवला होता, हे सांगायला नकोच. दांडीला दोरी, दोरी कप्पीवरून पलीकडे, टोकाला नऊ किलो वाळूची पिशवी. धावपट्टीला फेरी मारून उतरायला, अडचण आली तर अकरा मिनिटं. मी आत बसलो, पट्टे आवळले, दांडी ओढून धरली. ही बाहेर घड्याळ घेऊन उभी.

तिसऱ्या मिनिटाला खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं. चौथ्याला पिशवी धप्पकन जमिनीवर.

“खांदा कधीपासून?” तिने विचारलं.

“वर्ष झालं.”

“डॉक्टरला सांगितलंस?”

“त्याने विचारलं नाही.”

“वा! शाबास!”

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नऊ वर्षं, ताई, नऊ वर्षं, एवढंच सांगण्यासारखं. ती पिशवी उचलून घरी गेली. मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी हजर. हातात एक मोटर, माझ्या मोटरीच्या निम्मी. हळू फिरणारी, अशक्त, आणि तिने दोन्ही बाजूंना अडथळे बसवून तिची धाव निम्म्यावर आणलेली. वर त्या एकट्या मोटरीसाठी वेगळा फ्यूज, डाव्या हाताला सापडेल असा. “ही टोकाला गेली तरी साडेचार किलो,” ती म्हणाली. “बस आत.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. वेडी बाई चार दिवस माझ्यासाठीच खपली होती! मी बसलो. दांडी धरली. पाच मिनिटं झाली, सहा झाली. बायको दारात येऊन उभी राहिली. सातव्या मिनिटाला खांद्यातली सुरी परत फिरली. मी दात आवळले. आठव्याला बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली.

“आठ पुष्कळ झाली,” मी म्हणालो.

“उरलेली तीन कोण धरणार?”

“लाव पाटी,” मी ओरडलो. “लाव! तेवढंच येतं तुला आयुष्यात!”

“लिफ्टला लावते, भावाला नाही,” ती म्हणाली. “मी कोणाला फोन करून सांगणार नाही. यापुढे तुझं तू बघ.” तिने हत्यारं पिशवीत भरली. डोळे पुसत होती, आणि मी दिसत नसल्यासारखं केलं. माझा ताठा उतरला नव्हता अजून.

दोन दिवस मी त्या निम्म्या मोटरीकडे बघत काढले. तिला शिव्या दिल्या, खांद्याला दिल्या, वाळूच्या पिशवीला लाथ घातली आणि अंगठा दुखवून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसाला फोन केला. “विमान तयार आहे, वीसला या,” म्हणालो. “पण चालवणारा मी नाही. माझा खांदा गेलाय.” एवढं बोलायला मला कवळी घडवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तपासनीस आला, सगळं उघडून पाहिलं. शेपटीच्या मोटरीपाशी थांबला आणि म्हणाला, “इतकी लहान मोटर निवडणारं सहसा कोणी भेटत नाही.” ताईला मीच बोलावलं होतं. तिने त्याला, मोठी मोटर लावण्यापेक्षा खोबण साफ ठेवायला हवी, म्हणून सुनावलं. विमान पास झालं.

पहिल्यांदा ते उडवलं क्लबात विमान उडवायला शिकवणाऱ्या बाईने. पस्तिशीची, खांदे कसे भक्कम! मी आणि ताई धावपट्टीच्या कुंपणापाशी उभे. माझं विमान शंभर पावलं धावलं आणि सहज उचललं गेलं, जणू नऊ वर्षं ते त्याच बाईची वाट बघत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता येईना. संताप इतका की कुंपणाची तार मुठीत रुतली.

“राग आलाय?” ताईने विचारलं.

“हो.”

“माझा?”

“तुझाच. दुसऱ्या कोणाचा?”

“येऊ दे,” ती म्हणाली. “रागावलेला भाऊ चालेल मला.”