तुम्ही बसा हो, मी करते

"तुम्ही बसा हो, मी करते" हे वाक्य सुमतीमावशींना अजिबात खपायचं नाही. टेक्ससमधल्या प्लेनोच्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा सवयीने तेच म्हणत मी त्यांच्या हातातला ट्रे घेऊ लागले. "का गं? मी काय गणपती आहे, मखरात बसवायला?" ट्रे त्यांनीच नेला, सोफा सोडून खाली गालिच्यावर मांडी घातली आणि चहा झाल्यावर उठल्या, त्याही हात न टेकता. वय अठ्ठ्याहत्तर!

मी मुळात भित्री. त्यात बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली आणि बाथरूममध्ये घसरली. हाड वाचलं, पण माझी धास्ती काही जाईना. मी दिवसभर ऑफिसात, आई एकटी. पुन्हा पडली आणि उठताच आलं नाही तर? मी हॉलमध्ये फोनवरून बघता-बोलता येईल असा कॅमेरा लावला, स्वयंपाकघरातले सगळे डबे खालच्या फळीवर आणले आणि "आई, तू बस" हा जप सुरू केला. दोन महिन्यांत आईला खुर्चीतून उठायलाही माझा हात लागायला लागला.

मावशी चार घरं सोडून मुलाकडे राहायच्या. नागपूरला शाळेत पीटी शिकवलेली, शिट्टी अजून पर्समध्ये. डॉक्टरांनी आईला हलका व्यायाम सांगितलाय हे कळलं आणि त्या रोज अकराला हजर व्हायला लागल्या. मी ऑफिसातून फोनवर बघायचे. "ताई, वरच्या फळीवरचा डबा काढा" म्हणत त्या आईला हवेतच हात ताणायला लावायच्या. "आता जातं फिरवा" म्हटलं की कंबर. सगळं सावकाश. "दुखलं की थांबायचं. कंटाळा आला म्हणून नाही थांबायचं!"

एकदा बघते तर आई जमिनीवर आडवी. मी मीटिंग सोडून फोन केला, "मावशी, तिला खाली कशाला झोपवलंत? प्लीज!"

"अगं पोरी, पडताना कुणी विचारून पडतं का? उठायचं कसं ते शिकवतेय. आधी निपचित राहायचं, कुठे दुखतंय ते बघायचं. काही नसेल तर कुशीवर, मग रांगत, मग सोफा धरून वर."

मला इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मार्चमध्ये मावशी नागपूरला परत गेल्या. मुलाने एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मावशींनी तिच्यात बॅग बसवली आणि स्वतः शेजारून चालत गेल्या. मी हसले खरी, पण घरी येताना हायवेवर रडू आलं. आता आईकडे कोण बघणार?

पुढच्याच आठवड्यात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीकडे जाता जाता मी कॅमेरा उघडला. आई गालिच्यावर पडली होती.

"आई! हलू नकोस, मी येतेय!" मी फोनमध्ये ओरडले.

"गप गं. आधी कुठे दुखतंय ते बघू दे."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. आई कुशीवर वळली. थांबली. रांगत सोफ्यापाशी गेली, तो धरला, एक पाय टेकला आणि उभी राहिली. धापा टाकत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "झालं. आता तू बस जरा शांत. मी चहा टाकते."

मी बसलेच होते, पार्किंगमधल्या कट्ट्यावर. उठताना मला हात टेकावा लागला.