गयामावशीने अंगावर घेतलेली चूक

गयामावशी गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. ती नाहूरला मावशीच्या मुलाच्या शेजारी राहते. "तुमच्या त्या दवाखान्यातल्या आयाबाई परवा गेल्या," असं ती मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाली. मी घरी येऊन मेथी निवडली, भाजी केली, सगळ्यांना वाढलं. पण मला जेवण गेलं नाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

मावशी घाटकोपरला म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होती. मूळची जालन्याकडची. शाळेत कधी गेली नाही, तरी लघवी तपासायचं काम सिस्टरने तिलाच शिकवलं होतं. गरोदर बायका औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणायच्या, तिथे भरून द्यायच्या, मावशी त्यावर नंबराची चिठ्ठी लावायची. मग काचेच्या नळीत थोडी लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची आणि वरून ॲसिडचे दोन थेंब टाकायची. साफ राहिली तर ठीक, पांढरं साकळलं तर सिस्टरला हाक. जिच्या लघवीत पांढरं येतं आणि रक्तदाबही चढतो, त्या बाईला झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, हे ती रांगेत बसलेल्या आम्हाला दर खेपेला सांगायची. मीही ऐकायचे, मान हलवायचे.

गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं, माझे मिस्टर मिळेल ते काम करत होते, आणि मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. दवाखान्यातला संडास पुरुषांच्या बाकड्याच्या अगदी समोर होता. बाटली घेऊन त्यांच्या पुढून आत जायचं आणि भरलेली घेऊन बाहेर यायचं, हे मला जमेना. पहिल्या खेपेला मी दारापर्यंत जाऊन परत आले. आमच्याच चाळीतली सुमन माझ्या पुढे रांगेत होती. मोठी बिनधास्त बाई. "दे गं इकडे, माझ्याकडे भरपूर आहे," म्हणाली, आणि तिच्या बाटलीतली निम्मी माझ्या बाटलीत ओतली. वर म्हणते, "डॉक्टरीणबाईंना काय, पिवळं दिसलं म्हणजे झालं." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. तसं तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाब थोडा चढलाय, पण लघवी साफ आहे, मीठ कमी करा आणि आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी गेले तेव्हा चपलेत पाय मावत नव्हते. सासूबाई म्हणाल्या होत्या, पहिलटकरणीला सूज येतेच. सुमनने नेहमीप्रमाणे बाटलीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात मावशी माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझ्या पायातलं जोडवं चिमटीत धरून तिने फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. मग हळूच म्हणाली, "पोरी, बाटली एवढी साफ आणि पाय असे? खरं सांग, कोणाची देतेस?"

मी सुमनकडे पाहिलं. तेवढ्यावरून तिला कळलं.

ती ओरडली नाही. मला मागच्या बाजूला चादरी धुवायच्या मोरीत घेऊन गेली, आणि दाराकडे पाठ करून चादर धरून उभी राहिली. मी भरलेली बाटली तिने लगेच दिव्यावर तपासली. नळीत नासलेल्या दुधासारखं पांढरं साकळलं. पुढचं सगळं भराभर झालं. दाब घेतला, खाटेवर घातलं, खिडकीला पडदा लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं, हिला कोणी काही बोलायचं नाही, रडवायचं नाही, दाब आणखी चढेल. आणि मग त्यांनी दाराशीच सिस्टरला विचारलं, तीनदा साफ आली ती कशी? निरोप मिळाल्यावर सासूबाई आणि मिस्टर आले होते, तेही तिथेच उभे होते. मी डोळे मिटून घेतले. मावशीचा आवाज आला, "माझ्याच हातून चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या असतील, बाई."

मुलगी लवकर झाली, अगदी एवढीशी, पण जगली. मीही वाचले. मावशीकडून नळी आणि दिवा काढून घेतला आणि तिला फरशी पुसायला लावलं. रिटायर होईपर्यंत ती फरशीच पुसत होती. मी कोणालाच काही सांगितलं नाही. सुमनही गप्प राहिली. जाता येता मावशी मुलीला बघायला यायची, आणि मी एकदोनदा सुरुवात केली, "मावशी, ते बाटलीचं..." ती म्हणायची, "पोरगी दूध पिते ना? मग झालं." आणि मलाही तेवढंच हवं होतं, हे आज लिहिते.

तिच्या पुण्यानुमोदनाला मी गेले होते. बुद्धवंदना झाली, लोक उठून दोन शब्द बोलले. तिचा मुलगा मिलिंद म्हणाला, आईच्या हातून नोकरीत एकच चूक झाली, ती तिने कबूल केली, आणि त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. लोकांनी माना हलवल्या. मला उठता आलं नाही.

मागच्या रविवारी मात्र मी नाहूरला गेले. मिस्टरांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, सोबत येतो. मी म्हटलं, नको. मिलिंदने पाणी दिलं. त्याच्या घरी मावशीची उशी अजून खिडकीखालीच होती, तिच्यावर चष्मा ठेवलेला. मी त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं, "मिलिंदभाऊ, ती चूक तुमच्या आईची नव्हती. बाटलीत माझी लघवी नव्हतीच. दुसरीची भरून मी देत होते."

मला वाटलं, आता जा म्हणेल. मग त्याने आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. या ताई काय सांगतायत ते ऐक."

त्याची बायको पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली, मागून शेजारीणही आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आवाज जरा मोठा निघाला.