पळस त्यांना दिसायचा नाही

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला ते कळलं नव्हतं. मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी रानात बसून तैलरंगात निसर्गचित्रं करायचे. त्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर पद्मालयाच्या बाजूला गेलो होतो. पळस फुलला होता. माझे हात भरलेले होते म्हणून मी यांच्याकडे लाल रंगाची ट्यूब मागितली. ट्यूबांवरची नावं रंगाने माखून गेली होती. त्यांनी हिरवी पुढे केली. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले, तसे ते खाली बघत राहिले.

"मला लाल आणि हिरवं वेगळं ओळखू येत नाही," ते म्हणाले. "तुला बघायला आलो तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू चित्रं काढतेस हे ऐकलं आणि धीर झाला नाही."

मी ब्रश ठेवला आणि पळस कसा दिसतो ते सांगत बसले. निखाऱ्यासारखा, म्हटलं. त्यावर ते म्हणाले की निखारा त्यांना उजेडामुळे कळतो, रंगामुळे नाही. 

त्यानंतर सव्वीस वर्षं ते माझ्याबरोबर येत राहिले. कॅनव्हासवर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरायचे. रंग न कळणारा हा माणूस सावलीची चूक मात्र लगेच पकडायचा. लांबचा डोंगर जवळच्या झाडापेक्षा गडद झालाय, म्हणून तो अंगावर येतोय, असं काहीतरी सांगायचे आणि ते खरं निघायचं.

ते गेल्यावर दोन वर्षं मी ब्रश हातात घेतला नाही. गेल्या फाल्गुनात मात्र एरंडोलपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने पद्मालयाच्या बाजूला एकटीच गेले. आम्हाला नेहमी पाणी देणारे म्हातारे शेतकरी आबा बांधावरच होते.

"भाऊ नही उनात?" हे का आले नाहीत, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी घरातून तांब्या भरून आणला आणि माझ्याजवळ बसून राहिले.

दुपारपर्यंत चित्र झालं. कुठेतरी चुकलंय हे जाणवत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. मी आबांना विचारलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि छान झालंय म्हणाले, फुलं तर अगदी झाडावरचीच वाटतात. मी लांब जाऊन पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. यांना जसं दिसलं असतं तसं बघायचा खूप प्रयत्न केला. तो लाल रंग काही केल्या नजरेपुढून हटेना.

शेवटी चित्र तसंच आवरलं. रिक्षापर्यंत ईझल आबांनीच आणून दिलं. पुढच्या रविवारी येणार का, असं त्यांनी विचारलं, आणि मी येते म्हणाले.